सापांच्या सहवासातील जोन प्रॉक्टर

घरात साप पाळणारी मुलगी म्हणजे आई-वडिलांच्या जिवाला घोरच! लंडनमध्ये १८९७ साली जन्मलेल्या जोन प्रॉक्टर यांनी दहाव्या वर्षीच घरी साप व सरडे बाळगले होते. सोळाव्या वर्षी तर मगरीचे पिल्लू घेऊन त्या गणिताच्या तासाला बसल्या. बाईंची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आतड्याच्या जुनाट विकाराने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. केंब्रिजला जाण्याचे राहूनच गेले. पदवी नसतानाही ब्रिटिश म्युझियममधील सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज बुलेंजर यांनी १९१६ मध्ये त्यांना साहाय्यक म्हणून घेतले. १९२३ साली लंडन प्राणिसंग्रहालयाचा सरीसृप विभाग त्यांच्या हाती आला.

सापाला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. ती बाहेरूनच मिळवावी लागते. याच बाबतीतील हेळसांडीमुळे पाळलेले साप दगावू शकतात. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या नव्या सर्पगृहात जोनबाईंनी विजेवर चालणारी, जागोजागी कमी-अधिक उष्णता देणारी व्यवस्था केली आणि अतिनील किरण आत येऊ देणारी काच बसविली. अजगरांवर व मगरींवर औषधोपचारही त्या स्वतः करीत. क्रूर म्हणून गाजलेला कोमोडो ड्रॅगन त्यांच्या हातून अन्न घेई, अंगावरून हात फिरवू देई.

शरीर थकत चालले, चाकांच्या खुर्चीचा आधार आला, तरी फेरी चुकत नसे. १९३१ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.