डॉ. नेस्मिथ आणि लहान महाविद्यालयांचा हंगाम

पावसाळा ओसरू लागला, की महाविद्यालयांच्या जिमखान्यांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची लगबग सुरू होते. पालघर, बोईसर किंवा तारापूर परिसरातील एखाद्या लहान महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ मुंबईला खेळायला निघतो, तेव्हा त्याला सकाळची डहाणू लोकल गाठावी लागते. बोईसर ते चर्चगेट हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. सामना चाळीस मिनिटांचा. स्पर्धा बाद पद्धतीची असली आणि पहिलाच सामना गमावला, तर त्या चाळीस मिनिटांत वर्षभराचा हंगाम संपतो. संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या त्या खेळाडूंना बहुधा ठाऊक नसते, की ज्या गृहस्थाने हा खेळ निर्माण केला, त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयीन संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेलेच सामने अधिक होते. आणि त्याचे त्याला फारसे वाईटही वाटले नव्हते.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, आल्मोंट या गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. १८७० मध्ये विषमज्वराच्या साथीत अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले आणि वयाच्या नवव्या वर्षी जेम्स पोरका झाला. मामा पीटर यंग यांनी भावंडांना वाढवले. शेतीची कामे, घोडे हाकणे, थंडीत गोठलेल्या नदीवरून ये-जा करणे यांत बालपण गेले. शाळा अर्ध्यावर सोडून त्याने काही वर्षे जंगलात लाकूडतोड्यांबरोबर मजुरी केली. विशीत आल्यावर मात्र तो पुन्हा शाळेत गेला आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने राहिलेले शिक्षण पूर्ण केले.

पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८८७ मध्ये पदवी मिळवून त्यांनी धर्मोपदेशक होण्यासाठी ईश्वरविद्येचा अभ्यास आरंभिला. त्याच काळात फुटबॉल, लॅक्रोस आणि जिम्नॅस्टिक्स यांतही ते रमले होते. सहाध्यायांना हे रुचत नसे. भावी धर्मोपदेशकाने धक्काबुक्कीच्या खेळात उतरावे, हे त्या काळी अशोभनीय मानले जाई. एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून रागाच्या भरात शिवी गेली आणि दुसऱ्याच क्षणी त्याने नेस्मिथ यांच्याकडे वळून क्षमा मागितली. नेस्मिथ त्याला काहीही बोलले नव्हते. माणसाला वळण लावायचे असेल तर व्यासपीठाइतकेच मैदानही उपयोगी पडेल, हा विचार त्या प्रसंगाने त्यांच्या मनात पक्का केला. पालघरचे महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि वारकरी कीर्तनकारही. अध्यापन आणि धर्मविचार एकाच आयुष्यात नांदू शकतात, हे आपल्याला नवे नाही. नेस्मिथ यांनी त्यांच्या जोडीला मैदान आणून बसवले.

१८९० मध्ये धर्मशिक्षण संपताच ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांच्यावर एक अवघड वर्ग सोपवला. बाहेर बर्फ, त्यामुळे मैदानी खेळ बंद. व्यायामशाळेतील कवायतींना वर्गातील अठरा प्रौढ विद्यार्थी विटलेले. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. बंदिस्त जागेत खेळता येईल, मनोरंजक असेल आणि कुणाचे हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ चौदा दिवसांत शोधावा, अशी गुलिक यांची अपेक्षा होती.

नेस्मिथ यांनी आधी रूढ खेळच व्यायामशाळेत आणून पाहिले. फुटबॉलमध्ये अंगावर धावून जाणे आले, लॅक्रोसमध्ये काठ्यांचे तडाखे. मग त्यांनी खेळांची चिरफाड करून विचार केला. चेंडू हातात घेऊन धावता येते, म्हणून त्या खेळाडूला अडवावे आणि पाडावे लागते. तेव्हा चेंडू घेऊन धावण्यावरच बंदी घालावी. गोल उभा असतो, म्हणून चेंडू जोरात मारला जातो. तो आडवा करून डोक्याच्या वर नेला, तर जोर कामी येणार नाही, अलगद नेम धरावा लागेल. बालपणी आल्मोंटला एका मोठ्या दगडावर ठेवलेला छोटा दगड नेम धरून पाडण्याचा खेळ ते खेळत असत. त्यात कमानीच्या आकाराची हलकी फेकच यशस्वी होई. ती आठवण येथे उपयोगी पडली.

इमारतीची देखभाल करणारे स्टेबिन्स यांच्याकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकण्यात आल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली आणि आजही जगभर कडे त्याच उंचीवर असते. तेरा नियम टंकलिखित करून सूचनाफलकावर लावले गेले. २१ डिसेंबर १८९१ रोजी फुटबॉलचा चेंडू घेऊन एकेका बाजूला नऊ खेळाडू उभे राहिले, कारण वर्गात अठरा जण होते. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. टोपलीला तळ शाबूत असल्याने चेंडू काढायला शिडी लावावी लागे. विद्यार्थ्यांनी खेळाला नेस्मिथ यांचेच नाव सुचवले, ते त्यांनी हसून नाकारले. बास्केटबॉल हे नावही एका विद्यार्थ्यानेच दिले.

१८९२ च्या आरंभी विद्यालयाच्या नियतकालिकात नियम छापले गेले आणि वायएमसीएच्या शाखांमधून खेळ वेगाने पसरला. त्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयातील मुलींना तो शिकवला. स्प्रिंगफील्डमध्ये खेळू लागलेल्या पहिल्या स्त्रियांत मॉड शर्मन होत्या. १८९४ मध्ये नेस्मिथ यांचा त्यांच्याशी विवाह झाला. त्या अठरा विद्यार्थ्यांपैकी डंकन पॅटन १८९४ मध्येच हा खेळ घेऊन भारतात आले. पुढे स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी देशभरातील शाळा-महाविद्यालयांत बास्केटबॉल नेला. १९३४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला.

नेस्मिथ स्वतः मात्र खेळाच्या मागे धावले नाहीत. ते डेन्व्हरला गेले, तेथे वायएमसीएत काम करीत वैद्यकशास्त्र शिकले आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील विद्यापीठात प्रार्थनामंदिर आणि शारीरिक शिक्षण अशा दोन्ही विभागांची जबाबदारी त्यांच्यावर आली. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी त्यांच्या संघाने पहिला सामना खेळला आणि कॅन्सस सिटीच्या वायएमसीएकडून ५-१६ असा गमावला. तो हंगाम सात विजय आणि चार पराभव असा संपला. पुढे चित्र पालटले. १९०७ पर्यंतच्या नऊ हंगामांत ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्सस विद्यापीठाच्या आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरण्याची संख्या अधिक असलेले ते एकटेच आहेत.

हा खेळ शिकवायचा नसतो, फक्त खेळायचा असतो, असे त्यांचे मत होते. त्यांचा शिष्य फॉग ॲलन याने ते मानले नाही. व्यावसायिक वृत्तीचे प्रशिक्षण, डावपेच, विजयाची ईर्षा हे सारे ॲलन यांनी आणले आणि कॅन्ससला मोठे केले. गुरुशिष्यांचा जिव्हाळा टिकला, पण दोघांच्या दृष्टीत अंतर राहिले. संघ हरल्यावरही नेस्मिथ यांचे लक्ष खेळाडू पुढच्या सामन्याला कसा उभा राहतो, याकडे असे. खेळाचे एकस्व त्यांनी घेतले नाही. १९१६ मध्ये ते मेक्सिकोच्या सीमेवर सैन्याचे धर्मोपदेशक म्हणून गेले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांसाठी काम करीत राहिले.

१९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी शारीरिक शिक्षणासाठी कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला स्थान नव्हते. नेस्मिथ त्याचे मार्गदर्शक झाले. ज्या खेळाच्या मैदानावर त्याला उतरता येत नव्हते, तो खेळ त्याच्या निर्मात्याकडून तो शिकला आणि १९३६ मध्ये पदवी घेऊन प्रशिक्षक होण्यासाठी बाहेर पडला.

त्याच वर्षी बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. नेस्मिथ यांच्याजवळ प्रवासाचे पैसे नव्हते. फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकेतील सामन्यांच्या तिकिटांमागे एकेक सेंट बाजूला काढून निधी उभारण्यात आला आणि ७४ वर्षांचे डॉक्टर बर्लिनला पोहोचले. अंतिम सामना १४ ऑगस्ट रोजी उघड्या मातीच्या टेनिस मैदानावर, मुसळधार पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एक त्यांची जन्मभूमी, दुसरी १९२५ मध्ये नागरिकत्व घेतलेली कर्मभूमी. भारताचा हॉकीचा अंतिम सामना याच पावसामुळे एक दिवस लांबला आणि ध्यानचंद यांच्या संघाने तो १५ ऑगस्टला जिंकला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, तेही याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने.

बर्लिनहून परतल्यावर आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात नेस्मिथ यांनी ज्या कामाला हातभार लावला, ते लहान महाविद्यालयांसाठी होते. कॅन्ससच्या गावोगावी काहीशे विद्यार्थ्यांची महाविद्यालये होती. शेजारच्या महाविद्यालयांचा गट करून ती साखळी पद्धतीने खेळत. हिवाळाभर प्रत्येक संघ दुसऱ्याच्या गावी जाई आणि दुसरा त्याच्या गावी येई. एक सामना हरला म्हणून कुणाचा हंगाम संपत नसे. गावच्या व्यायामशाळेत प्राध्यापक, दुकानदार आणि शेतकरी एकत्र बसून सामना पाहत. पण हंगामाच्या शेवटी या संघांना राष्ट्रीय पातळीवर उतरायला जागा नव्हती. लॉरेन्सजवळच्या बेकर विद्यापीठाचे एमिल लिस्टन यांनी ती निर्माण करण्याचे ठरवले आणि नेस्मिथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत आठ संघांची स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी संघ ३२ झाले. मोठ्या विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती त्यानंतर, १९३९ मध्ये. मॉड यांचे १९३७ मध्ये निधन झाले आणि लहान महाविद्यालयांच्या विजेत्याला मिळणाऱ्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे डॉ. नेस्मिथ यांनीही जगाचा निरोप घेतला.

त्या स्पर्धेतही आरंभी कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. १९४८ मध्ये तो उठला. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे ती स्पर्धा टेनेसीच्या एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाने जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षक होते जॉन मॅकलेंडन. स्वतःच्या विद्यापीठाच्या संघात ज्याला स्थान मिळाले नव्हते, त्या विद्यार्थ्याने गुरूच्या पत्नीच्या नावाचा करंडक तीनदा उचलला. ५५ आणि ६० या आकड्यांत हा विजय कुठेही मोजलेला नाही.

नेस्मिथ यांनी टंकलिखित करून घेतलेली तेरा नियमांची ती दोन पाने २०१० मध्ये लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली आणि आता कॅन्सस विद्यापीठात आहेत. खेळाचा पैसा एवढा वाढला. त्यांचा मूळ हेतू मात्र जेथे साधने कमी आहेत, तेथेच अधिक समजतो. दोन टोपल्या, एक चेंडू आणि मोजके खेळाडू एवढ्यावर हा खेळ उभा राहिला होता. पालघर, बोईसर, डहाणू, वसई येथील महाविद्यालये एकमेकांपासून लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरावर आहेत. मुंबईतील बाद फेरीच्या जोडीला त्यांनी आपसांत साखळी सामने ठेवले, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, तर पहिल्याच फेरीत हरून परतलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायला मिळेल. कॅन्ससच्या लहान गावांनी हेच केले होते, आणि साठ पराभव पाहिलेल्या त्या डॉक्टरांना त्याहून मोठ्या यशाची अपेक्षा नव्हती.