विज्ञानकथेचा द्वारपाल : जॉन कॅम्पबेल

बी. ए.च्या पहिल्या वर्षाला असताना ग्रंथालयात आयझॅक असिमॉव्ह यांचे ‘आय, रोबो’ हे पुस्तक माझ्या हाती पडले. यंत्रमानवांच्या त्या कथांनी मला पुरते झपाटले. अर्पणपत्रिकेवर नाव होते जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. हे गृहस्थ कोण, याचा शोध घेऊ लागलो आणि आधी भारावून गेलो, मग अस्वस्थ झालो. आज दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहे.

कॅम्पबेल यांचा जन्म ८ जून १९१० रोजी अमेरिकेतील नेवार्क शहरी झाला. त्यांच्या आईला एक जुळी बहीण होती. दोघी इतक्या सारख्या, की समोर आई आहे की मावशी हे लहानग्या जॉनला कळत नसे. आणि मावशीचे त्याच्याशी मुळीच पटत नसे. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कथेचे बीज या अनुभवात असावे, असे म्हणतात. १९३८ सालच्या या कथेत ध्रुवप्रदेशातील संशोधकांच्या तळावर कोणाचेही रूप घेऊ शकणारा परग्रहावरील प्राणी शिरतो आणि शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे का, अशी शंका प्रत्येकाला येऊ लागते. पुढे तिच्यावर चित्रपटही निघाले.

एमआयटीसारख्या नामवंत संस्थेत ते शिकत होते; परंतु जर्मन भाषेच्या विषयाने दगा दिला आणि ती संस्था सोडावी लागली. पुढे ड्यूक विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. (भाषेच्या पेपराने भल्याभल्यांना रडवले आहे, हे वाचून आमच्यापैकी काहींना दिलासा मिळेल!)

१९३७ च्या अखेरीस ‘अस्टाउंडिंग’ या मासिकाचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि त्यांचे स्वतःचे कथालेखन जवळजवळ थांबले. पण त्यांनी लेखक घडविले. १९३८ साली अठरा वर्षांचा असिमॉव्ह आपली कथा घेऊन त्यांच्या कार्यालयात गेला. कथा परत आली, पण तासभर गप्पा झाल्या आणि पुन्हा लिहिण्याची उमेद मिळाली. यंत्रमानवांचे तीन नियम कॅम्पबेल यांनी मांडले, असे असिमॉव्ह सांगत. ते तुमच्याच कथांत दडलेले होते, असे कॅम्पबेल म्हणत. असे श्रेय एकमेकांना देणारे गुरुशिष्य विरळाच. हाइनलाइन, स्टर्जन, व्हॅन व्हॉग्ट हे लेखकही याच मासिकातून पुढे आले.

मार्च १९४४ च्या अंकात क्लीव्ह कार्टमिल यांची अणुबॉम्बवरील कथा प्रसिद्ध झाली. हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होते. सरकारी गुप्तहेर संपादकांच्या दारात येऊन उभे राहिले. ही माहिती उघड छापलेल्या शास्त्रीय लेखनातूनच मिळते, असे कॅम्पबेल यांनी त्यांना पटवून दिले.

इथवर वाचले तेव्हा हा माणूस मला देवमाणूस वाटला होता. पुढचे वाचताना मात्र माझी निराशा झाली.

मे १९५० च्या अंकात त्यांनी रॉन हबर्ड यांच्या ‘डायनेटिक्स’ नावाच्या मानसोपचाराचा लेख छापला आणि त्या पंथाचा हिरिरीने पुरस्कार केला. विज्ञानाचा आग्रह धरणारा संपादक अशा गोष्टीच्या नादी लागलेला पाहून असिमॉव्हसारखे लेखक दुरावले. १९४९ आणि १९५० साली दोन नवी दर्जेदार मासिके निघालीच होती. लेखक तिकडे वळले. १९६० साली मासिकाचे नाव ‘अॅनालॉग’ झाले. त्यातील संपादकीयांतून कॅम्पबेल वर्णभेदाची पाठराखण करू लागले, गुलामगिरीचेही समर्थन करू लागले. पण मासिकाचा खप टिकून राहिला आणि वाचकांच्या मतांवर दिला जाणारा ह्यूगो पुरस्कारही त्याला मिळत राहिला. वाचक पत्रांतून भांडत होते आणि पुढचा अंक विकत घेत होते.

१९६८ साली ‘गॅलक्सी’ मासिकात दोन जाहिराती समोरासमोर छापल्या गेल्या. एकीत व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणाऱ्या विज्ञानकथाकारांची नावे होती, दुसरीत विरोध करणाऱ्यांची. कॅम्पबेल पहिल्या यादीत होते, असिमॉव्ह दुसऱ्या.

साधारण याच सुमारास सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाची ‘नोव्हा’ ही कादंबरी त्यांच्याकडे आली. नायकही कृष्णवर्णीय होता. कादंबरी आवडली, पण असा नायक आमच्या वाचकांना आपलासा वाटणार नाही, असे सांगून कॅम्पबेल यांनी ती परत केली, असे डिलेनी यांनी पुढे लिहिले आहे. वाचकांना कोणी विचारले होते? ही कादंबरी १९६८ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढच्या वर्षी वाचकांनीच तिला ह्यूगोच्या अंतिम यादीत नेऊन बसवले.

हा प्रसंग मला सर्वांत अधिक बोचला. मी वाचलेल्या अंतराळयानांत मी मनाने केव्हाच चढून बसलो होतो. माझ्यासारखा सावळा, तालुक्याच्या गावचा मुलगा त्या यानाचा कप्तान झाला असता, तर ती कथाही साभार परत गेली असती काय? येथे आपल्याकडील एक गोष्ट आठवते. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठविली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. कथेला पारितोषिक मिळाले. कथा कोणाची आणि कोणाविषयीची, हे न पाहता ती कशी आहे हे पाहावे, ही साधी अपेक्षा कॅम्पबेल शेवटी पुरी करू शकले नाहीत.

११ जुलै १९७१ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते वारले. १९७३ पासून उत्तम नवोदित लेखकासाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. २०१९ साली डब्लिन येथे तो स्वीकारताना हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या जेनेट एंग यांनी कॅम्पबेल यांच्या विचारांवर व्यासपीठावरूनच कडाडून टीका केली. मोठे वादळ उठले. कोणी मृतांचा अपमान म्हटले, कोणी उशिरा का होईना सत्य बोलले गेले म्हटले. काही दिवसांतच पुरस्काराचे नाव बदलून ते ‘अस्टाउंडिंग’ या जुन्या मासिकावरून ठेवण्यात आले.

आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा कॅम्पबेल यांच्या पुस्तकांवर बहिष्कार घालावा, असे एका मैत्रिणीचे मत पडले. मला ते पटले नाही. ती कथा मी पुन्हा वाचीन आणि अर्पणपत्रिकेवरचे ते नावही खोडणार नाही, कारण ते ऋण खरे आहे. पण पुरस्काराचे नाव बदलले हे योग्यच झाले, असे मला वाटते. ऋण मान्य करणे वेगळे आणि नव्याने लिहू पाहणाऱ्या मुलामुलींच्या हाती, ज्याने त्यांना दारातूनच परत पाठविले असते, त्याच्या नावाचे मानचिन्ह देणे वेगळे. आणि यापुढे वाचकांना हे चालणार नाही असे कोणी माझ्या नावाने सांगू लागला, तर मला आधी विचारा, एवढे म्हणण्याचा हक्क मी सोडणार नाही.