हिमउतारावरील वाटाड्या : सर आर्नल्ड लन

हिवाळ्यात आल्प्स पर्वताचे उतार बर्फाने झाकले जातात. पायांना स्की नावाच्या लांब, अरुंद पट्ट्या बांधून या उतारांवरून वेगाने घसरत जाणे, हा आज जगभर लोकप्रिय असलेला क्रीडाप्रकार आहे. त्याला शर्यतींचे नियम देण्यात ज्यांचा वाटा मोठा आहे, ते सर आर्नल्ड लन जन्मले मात्र बर्फापासून फार दूर, आपल्या भारतात.

आर्नल्ड यांचा जन्म १८ एप्रिल १८८८ रोजी मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे झाला. त्यांचे वडील हेन्री लन हे डॉक्टर व ख्रिस्ती धर्मप्रचारक म्हणून भारतात आले होते. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना लवकरच इंग्लंडला परतावे लागले. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडच्या सहली आयोजित करण्याचा व्यवसाय उभारला. त्यामुळे आर्नल्ड यांना लहानपणीच आल्प्सचा सहवास लाभला. वयाच्या दहाव्या वर्षी, १८९८ साली, त्यांनी फ्रान्समधील शामोनी येथे प्रथम पायांना स्की बांधले.

त्या काळी हा खेळ कष्टाचा होता. अनेक तास पर्वत चढून जावे, तेव्हा कुठे काही मिनिटे घसरण्याचा आनंद मिळे. स्वित्झर्लंडमधील म्यूरेन हे गाव तर सुमारे १६५० मीटर उंचीवर, एका कड्याच्या माथ्यावर वसलेले. तेथे जाणारी रेल्वे १८९१ साली सुरू झाली होती. पण हिवाळ्यात ती बंद असे. हेन्री लन यांनी रेल्वेचालकांचे मन वळवले आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात गाडी प्रथमच बर्फातून धावली. लॉटरब्रुनेनच्या दरीतून दोराने ओढली जाणारी गाडी प्रवाशांना कड्यावर नेई आणि तेथून विजेवर चालणारी छोटी आगगाडी त्यांना म्यूरेनला पोहोचवी. १९१२ साली गावाच्या वरच्या उतारावरही अशीच दोराची गाडी सुरू झाली. चढण्याचे श्रम गाडीने उचलले. त्यामुळे एकाच दिवसात पुन्हा पुन्हा उतरण्याचा सराव करता येऊ लागला.

याच सुमारास आर्नल्ड यांच्यावर मोठे संकट कोसळले. १९०९ साली वेल्समधील एका कड्यावरून पडून त्यांचा उजवा पाय मोडला. जीव वाचला, पण पाय कायमचा आखूड झाला. तरीही त्यांनी पर्वत सोडला नाही. १९१७ साली योझेफ क्नूबेल या वाटाड्यासह त्यांनी स्कीच्या साहाय्याने ४५४५ मीटर उंचीचे डोम शिखर गाठले.

स्कीच्या शर्यतींत तेव्हा नॉर्वेच्या परंपरेनुसार लांब पल्ल्याच्या दौडीला आणि उड्यांना मान होता. उतरण्याचे कौशल्य स्वतंत्रपणे जोखावे, असा लन यांचा आग्रह होता. १९२२ साली म्यूरेन येथे त्यांनी जोडीजोडीने निशाणे रोवून त्यांमधून नागमोडी वाटेने उतरण्याची ‘स्लालम’ शर्यत घेतली. उतरण्याची ऐट पाहून गुण देण्याऐवजी लागलेला वेळ मोजला जाऊ लागला. अनुभवी मंडळींचा विरोध बराच काळ टिकला; परंतु १९३० साली आंतरराष्ट्रीय संघटनेने या शर्यतींना मान्यता दिली. १९३१ साली म्यूरेन येथेच त्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि १९३६ साली हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांना स्थान मिळाले.

ऑस्ट्रियातील सेंट अँटन हे आर्लबर्ग रेल्वेमार्गावरील बोगद्याच्या तोंडाशी वसलेले गाव. तेथील नामवंत स्कीशिक्षक हानेस श्नायडर यांच्या सहकार्याने लन यांनी १९२८ साली एक शर्यत सुरू केली. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नाझींनी श्नायडर यांना अटक केली. शर्यत तोंडावर आली होती. ज्या गावात आपला सहकारी बंदिवासात आहे, तेथे खेळाचा उत्सव करणे लन यांना मान्य नव्हते. त्यांनी ती शर्यत रद्द केली. श्नायडर यांची पुढे सुटका झाली व १९३९ साली ते अमेरिकेस गेले.

१९५२ साली ब्रिटिश सरकारने आर्नल्ड लन यांना ‘सर’ हा किताब दिला. २ जून १९७४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. उतारावरील प्रत्येक क्षण मोजायला लावणाऱ्या या माणसाने, प्रसंग येताच, स्वतः उभारलेल्या शर्यतीपेक्षा मित्राच्या स्वातंत्र्याला अधिक मोल दिले.