अंगणवाडीच्या जनक ताराबाई मोडक

खेड्यातील सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा तिच्या कडेवरच बसलेले असते. आईवडील पहाटेच मजुरीला जातात, धाकटे भावंड तिच्या अंगावर पडते आणि पाटी घरातच राहते. शिक्षणखात्याच्या नोंदवहीत अशा मुलीपुढे नुसती 'गैरहजर' अशी खूण होते. ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड (आता पालघर जिल्हा) येथे ताराबाई मोडक यांनी ही खूण वाचली आणि त्या मुलीबरोबर तिच्या कडेवरच्या मुलालाही शाळेत घेतले. आज देशभर लाखो ठिकाणी सरकारी खर्चाने अंगणवाड्या चालतात. त्यांच्या नावामागे आणि मूळ कल्पनेमागे ही बाई आहे, हे शहरी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे असल्याने मुलींच्या शिक्षणाबद्दल त्या घरात वाद नव्हता. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी त्यांनी १९१४ साली मिळवली. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन, लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवणाऱ्या त्या संस्थेत प्राचार्यपदी आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार चांगला होता, मान होता, राहण्याची सोय होती. एकट्या बाईने मूल वाढवायचे तर याहून निर्वेध जागा त्या काळात मिळणे कठीण होते.

ती जागा त्यांनी दोन वर्षांत सोडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाईही मूळचे वकीलच. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मॉंटेसरी पद्धतीवरचे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि वकिली मागे राहिली. ताराबाई १९२३ मध्ये या प्रयोगात सामील झाल्या. अडीच ते सहा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासारखे काही असते, ही गोष्टच तेव्हा समाजाला मान्य नव्हती. मूल सहा-सात वर्षांचे झाले की पंतोजींकडे न्यायचे आणि तोवर घरात लुडबुड करू द्यायचे, हाच रिवाज होता. धाक, छडी, पाठांतर यांना फाटा देऊन मुलाच्या हाताला, कानाला, डोळ्याला काम देणारी शाळा हे त्या काळचे मोठे बंडच होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि त्यात गिजुभाईंच्या बरोबरीने ताराबाईंचा वाटा होता. संघाच्या 'शिक्षण पत्रिका' या मासिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून त्यांनी संपादित केली. पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी एवढ्या सातत्याने मराठीत लिहिणारे त्या वेळी दुसरे कोणी क्वचितच असेल.

भावनगरची नऊ वर्षे संपवून ताराबाई महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ साली मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. बालमंदिराच्या जोडीला शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. संस्थेचे नाव झाले. मध्यमवर्गीय पालक मुलांना हौसेने पाठवू लागले. ताराबाईंच्या जागी दुसरे कोणी असते, तर येथेच चरित्र पूर्ण झाले असते.

परंतु मुंबईतील यशात एक उणीव त्यांना दिसत होती. मॉंटेसरी पद्धतीची साधने महाग असत. लाकडी ठोकळे, दंडगोल, रंगपट्ट्या यांचा संच विकत घेणे सधन संस्थेलाच परवडे. फी भरणाऱ्या आईबापांच्या मुलांपुरतेच हे शिक्षण राहणार असेल, तर देशातील बहुसंख्य मुले त्यातून आपोआप वगळली जात होती. गरिबाच्या मुलाला परवडेल असे बालशिक्षण कसे असेल, हा प्रश्न घेऊन १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. आचार्य भिसे यांनी तेथे पंचवीस वर्षे शिक्षणाचे काम चालवले होते, त्यामुळे जमीन अगदीच अनोळखी नव्हती. २४ डिसेंबर १९४५ रोजी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले. या कामात त्यांना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्या वर्षी बोरिवलीत भरलेल्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षे टिकली.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी उघडली ती मुलेच येईनात. वस्तीतून बालवाडीपर्यंत लहान मुलाला आणून सोडायला घरी माणूस नसे. शिवाय हरिजन वस्तीतील मुलांनी गावातल्या मुलांच्या पंक्तीला बसणे अनेकांना रुचणारे नव्हते. यावर उपदेश करण्यात ताराबाईंनी वेळ घालवला नाही. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडी मुलाकडे जाईल, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून तेथेच मुलांना बसवू लागल्या. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारातून पाहत. मुलाला कसे धुवावे, काय खाऊ घालावे, हे त्यांच्याही कानावर पडे. इमारतीचे भाडे नाही, बाके नाहीत. साधनांच्या जागी शंखशिंपले, चिंचोके, गारगोट्या, पाने, बिया आणि गावच्या सुताराने केलेली खेळणी आली. मॉंटेसरीचे तत्त्व कायम ठेवून तिचा महागडा पोशाख तेवढा उतरवला गेला. परदेशी पद्धतीत लोककथा, लोकगीते यांना फारसे स्थान नव्हते. ताराबाईंनी त्यांना मुक्त प्रवेश दिला. मॉंटेसरीच्या कट्टर अनुयायांना हे मानवले नसेल, पण या मातीत ती पद्धत रुजली ती या तडजोडीमुळेच.

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. बोर्डीत काम सुरू झाले त्याच वर्षी या भागातील वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता. जमीनदार आणि गवताचे व्यापारी यांच्या कचाट्यातील या समाजात शाळा ही चीज परकी होती. मुलगा सहा वर्षांचा झाला की गुरांमागे जाई आणि मुलगी धाकट्याला सांभाळी. दोघांचेही श्रम घराला हवे असत. शाळेची घंटा आणि घरचा दिनक्रम यांचा मेळच बसत नव्हता.

येथे ताराबाईंच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग येतो. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी गुरे चरतात तेथेच शाळा भरवण्यात आली. ती कुरणशाळा. गुरांवर एक डोळा ठेवून झाडाखाली अक्षरे गिरवायची, आजूबाजूची पाने, पाखरे, ओढे हाच पाठ. दिवसा ज्यांना मुळीच सवड नसे त्यांच्यासाठी रात्रीची शाळा झाली. भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी आली. एकाच आवारात तान्ह्यांचे पाळणाघर, अडीच-तीन वर्षांपुढच्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावे, पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. मधूनच उठून त्याला पाहून येण्याची मुभा तिला असे. दिसायला ही साधी सोय, पण शिशुसंगोपन, बालशिक्षण आणि प्राथमिक शिक्षण हे एकाच घराचे तीन प्रश्न आहेत, हे तिच्यात ओळखले गेले होते. सरकारी कारभारात हे तीन विषय तीन वेगवेगळ्या टेबलांवर असतात.

सरकारी पैशाचा हात या क्षेत्राकडे तेव्हा आखडताच होता. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना अनुदान देऊ लागले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, मात्र ते चालवण्याचा मुख्य भार खासगी संस्थांवरच ठेवला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. गौरव झाला, तरी शिक्षिकांचे पगार आणि मुलांचा खाऊ यांची जुळवाजुळव चुकली नाही.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकाच छताखाली आल्या. कुपोषण हा तातडीचा प्रश्न असल्याने आहाराला अग्रक्रम मिळाला हे समजण्यासारखे आहे. पण त्यात खिचडी पुढे गेली आणि खेळ मागे पडला. अंगणवाडी सेविका नोंदवह्यांत बुडाली. तिला वेतन नव्हे, मानधन मिळत राहिले. तिला ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२२ मध्ये.

वेळेचा प्रश्न तर उघडच राहिला. अंगणवाडी साधारणतः चार-पाच तास चालते, मजुरीवर गेलेली आई संध्याकाळी परतते. मधले तास पुन्हा थोरल्या मुलीच्याच वाट्याला येतात. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातले, पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा हक्क सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हा वयोगट शालेय रचनेत आणला. नोकरदार व कष्टकरी आयांच्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर उघडे ठेवण्याचा नियम होता. २०२२ मध्ये तिच्या जागी 'पाळणा' योजना आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली. कोसबाडच्या विकासवाडीत हे दोन वर्ग एका आवारात होते.

ताराबाईंच्या पश्चात कोसबाडचे काम अनुताईंनी चालवले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत वारली पाड्यांतील, आपल्या भावंडांना कडेवर घेऊन आलेल्या मुलींपैकी काहीजणी स्वतःच बालवाडीच्या बाई झाल्या होत्या.