विल्सन स्ट्रीटवरील मुलांची घरे

जॉर्ज म्यूलर यांचा जन्म १८०५ साली प्रशियात झाला. तरुणपणी ते इंग्लंडला आले आणि ब्रिस्टल शहरात ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून स्थिरावले. त्या काळी पुष्कळ पोरक्या मुलांच्या वाट्याला निराधारांची श्रमगृहेच येत. ११ एप्रिल १८३६ रोजी म्यूलर यांनी विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात अनाथ मुलींचे वसतिगृह उघडले. पुढे त्याच रस्त्यावर आणखी तीन घरे झाली. मुलांचा गलबला सोसवत नाही, अशी शेजाऱ्यांची तक्रार १८४५ मध्ये आली. म्यूलर यांनी ती रास्त मानली आणि मुलांसाठी मोकळी जागा शोधली. १८४९ मध्ये मुले अ‍ॅशली डाउन येथील नव्या वास्तूत गेली. १८७० पर्यंत तेथे पाच इमारती उभ्या राहिल्या व दोन हजारांवर मुलांची सोय झाली. गरिबांच्या मुलांना त्यांच्या पायरीपेक्षा अधिक शिकवले जाते, असा ठपका त्यांच्यावर आला. तरी शिकवणे थांबले नाही. १८९८ मध्ये ते निवर्तले.

त्यांची श्रद्धा ती आमची नव्हे. परंतु पायरी ओळखून राहा, हे आमच्या पूर्वजांनाही ऐकावे लागले होते. म्हणूनच वसतिगृहाच्या व्हरांड्यातील गलबला आम्हांला कधीच जड वाटत नाही.