क्षीण प्रकाशाचा उपासक

विद्यार्थी मित्रहो, २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. १९२८ साली याच दिवशी कलकत्त्यास एका अत्यंत क्षीण प्रकाशाचा शोध लागला. तो लावणाऱ्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे चरित्र मननीय आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे एका अध्यापकाच्या घरी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी असामान्य यश मिळविले. परंतु त्या काळी केवळ संशोधनावर चरितार्थ चालणे कठीण होते. म्हणून १९०७ मध्ये ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. मध्यंतरी रंगून व नागपूर येथेही त्यांची बदली झाली. कलकत्त्यास असताना मात्र कचेरीपूर्वी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर रात्री ते बहुबाजारातील विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. १९१७ मध्ये विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद त्यांच्यापुढे आले. वेतन कमी होते, तरी त्यांनी मानाची सरकारी नोकरी सोडली.

१९२१ मध्ये विलायतेच्या प्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले. ती आकाशाचे प्रतिबिंब होय, असा तेव्हा समज होता. रामन यांनी निकोल लोलकातून पाहून पृष्ठभागावरचे परावर्तन वगळले, तरीही निळाई उरलीच! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ओळखले.

पुढे कृष्णन् या सहकाऱ्यासह त्यांनी अनेक द्रवांतून प्रकाश सोडून पाहिला. विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ रंगाचाच असतो. सुमारे कोटीत एखादाच कण रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक पदार्थाची जणू स्वतंत्र मुद्राच उमटते. या शोधास १९३० चे नोबेल पारितोषिक लाभले.

ही मुद्रा आज रोगनिदानाच्या कामी येऊ पाहत आहे. विषाणूच्या नेहमीच्या चाचणीत त्याच्या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती घडवाव्या लागतात. त्यात कित्येक तास जातात आणि तोवर रोग पसरत राहतो. विषाणू तर इतका सूक्ष्म की, त्याचा रामन-प्रकाश दिसणेच दुष्कर. परंतु १९७४ मध्ये इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवर चिकटलेल्या रेणूंचा हाच प्रकाश आश्चर्यकारक रीतीने प्रखर झालेला आढळला. म्हणून संशोधक सोन्याचांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर विशिष्ट विषाणूस धरून ठेवणारी प्रतिपिंडे बसवितात आणि लेसर किरणांच्या साहाय्याने त्याची मुद्रा वाचतात. रुग्णाच्या उशाशी मिनिटांत निदान व्हावे, हा त्यांचा ध्यास आहे. लाळेत व रक्तात इतर द्रव्यांचीही गर्दी असते. तीतून नेमकी मुद्रा निवडणे हे त्यांच्यापुढील अवघड काम आहे.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला रामन निवर्तले. चांदीवरचा तो प्रखर प्रकाश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. समुद्र निळा का, या निरपेक्ष प्रश्नाच्या पाठपुराव्यातून रोग ओळखण्याचे साधन घडू शकते, हे त्यांच्या जीवनाचे मर्म आहे. म्हणून मित्रहो, आपल्या मनात उठणारा कोणताही प्रश्न क्षुल्लक मानू नका.