दादासाहेब फाळके आणि वाटाण्याच्या रोपाचा टाइमलॅप्स

मोबाईलमधला टाइमलॅप्स मोड तुम्ही वापरलाच असेल. ठरावीक वेळाने एकेक फोटो घ्यायचा आणि मग सगळे भराभर दाखवायचे, एवढंच त्याचं तंत्र. धुंडिराज गोविंद फाळके यांनी ते १९१२ मध्येच वापरलं होतं, तेही हाताने!

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाच काढायचा हे पक्कं केलं. विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी रुजून रोप भराभर वाढताना दिसलं आणि पैसे देणारा तयार झाला. आजच्या भाषेत हाच डेमो!

तरी पैसे कमीच पडले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये दादासाहेब गेले. आज त्यांच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात झाली ती एका वाटाण्यापासून.